मणिबेलीचा उतार सायकलने कसा उतरावा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

एन्ड्युरो सायकलिंगचा नियम सोपा आहे. उतरताना घड्याळ चालू, चढताना बंद. २०१३पासून या खेळाची जागतिक मालिका भरते, आता तिला वर्ल्ड कपचा दर्जाही मिळालाय. थोडक्यात, वर कसं जायचं ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, यावर साऱ्या जगाचं एकमत झालंय.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर हा खेळ रंगत नाही. वेग घ्यावा तोच समोरून हास्यक्लबची मंडळी येतात. खरा उतार हवा असेल तर नंदुरबार जिल्हा गाठा. अक्कलकुवा तालुक्याच्या टोकाला मणिबेली आहे, आणि तिथे सातपुडा थेट नर्मदेत पाय सोडून बसलाय. राज्यातल्या विधानसभा मतदारसंघांच्या यादीत अक्कलकुवा पहिल्या क्रमांकावर आहे. ही यादी उत्तरेकडून सुरू होते म्हणून. बाकीच्या याद्या कुठून सुरू होतात ते वाटेत समजेल.

१. सायकल घ्या. पुढच्या फोर्कला १७० मिलिमीटर ट्रॅव्हल (म्हणजे दबण्याची मुभा), मागच्या चाकाला १६०च्या आसपास. यापेक्षा कमी घेतलंत तर दगड तुम्हाला जाणवतील, आणि दगड जाणवू नयेत म्हणूनच तर आपण दगडांत चाललो आहोत. हेड अँगल ६४ अंशांच्या आतबाहेर, डिस्कचे रोटर २०० मिलिमीटरचे, वजन पंधरा-सोळा किलो. नावाजलेल्या कंपन्यांच्या सायकलींची किंमत परदेशात पाच ते दहा हजार डॉलर. घरी सांगताना डॉलरमध्येच सांगा, आकडा लहान वाटतो.

दुकानात इतिहास मात्र काढू नका. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या ज्या 'रीपॅक' शर्यतीतून हे सगळं सुरू झालं, तिथली पोरं जुन्या, जाडजूड, भंगारातून उचललेल्या सायकली घेऊन सुमारे चारशे मीटर खाली यायची. सस्पेन्शनचा पत्ता नाही. मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि दर खेपेला नवं भरावं लागायचं. शर्यतीचं नावच त्यावरून पडलं. हे ऐकल्यावर विक्रेत्याचा चेहरा उतरतो. बिचाऱ्याला मासिक टार्गेट असतं.

२. सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते, बसवा. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक बारीक रबरी रिंग असते. पूर्ण पोशाखात, पाण्याच्या पिशवीसकट सायकलवर बसा, मित्राला हँडल धरायला सांगा, रिंग खाली सरकवा आणि अलगद उतरा. ती एकूण ट्रॅव्हलच्या वीस-पंचवीस टक्क्यांवर सरकलेली दिसली पाहिजे. मागे तीस टक्के. नाही आलं तर हवा कमी करा, पुन्हा बसा. जास्त झालं तर हवा भरा, पुन्हा बसा. पार्किंगमध्ये अशी अर्धी सकाळ आरामात जाते. वॉचमनने "साहेब, पंक्चर आहे का?" विचारलं तर हसून हो म्हणा. समजावायला जाल तर किंमत सांगावी लागेल.

३. पोचा. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगी, आणि तिथून जीप जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत. सायकल टपावर चढेल. तिच्या शेजारी भगरीची पोती असतील, पोत्यांच्या शेजारी माणसं असतील. माणसांना सरकायला सांगू नका. कार्बनची फ्रेम आहे हे त्यांना माहीत नसतं, आणि माहीत झालं तरी ते जाणार कुठे?

आळशी मंडळी गुजरातच्या बाजूने येतात. केवडियाला १८२ मीटर उंच पुतळ्यापर्यंत रस्ता असा गुळगुळीत आहे की १७० मिलिमीटरमधला एकही खर्ची पडत नाही. पुढे सरदार सरोवर धरणाच्या पाठीमागून बोट. ही वाट मी सुचवत नाही. एकाच पाण्याच्या दोन काठांवर रस्ते इतके वेगळे का, हा प्रश्न त्या बोटीत पडतो आणि उतारावरची एकाग्रता जाते.

४. पोशाख. फुल-फेस हेल्मेट, गॉगल, गुडघ्याला आणि कोपराला पॅड, पाठीला कवच. एवढं चढवून उभे राहिलात की समोरून डोक्यावर ओझं घेतलेली बाई रबरी चपलांत चढून येईल. तिला वाट द्या. ती हसली तर ते कौतुक समजा.

५. सीट खाली घ्या. ड्रॉपर पोस्टचं बटण दाबून वर भार दिला की सीट झपकन खाली जाते. हे पाहून एखादे आजोबा हमखास थांबतील.

"सीट बसली भाऊ तुमची."

"मुद्दाम बसवली, बाबा."

"मग बसत का नाही?"

याचं उत्तर कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. निघा.

६. तेल जास्तीचं ठेवा. अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत याच सातपुड्यात फिरतो असं मानतात. धनत्रयोदशीला त्याच्या भेटीसाठी माणसं अस्तंब्याचा डोंगर चढतात. मागितलंच तर चेनचं तेल द्यायला हरकत नाही. वाट चुकलेल्यांना तो वाट दाखवतो, हीही श्रद्धा आहे. मोबाइलला रेंज नसताना हा पर्याय हातचा सोडू नये.

७. उतरा. पेडल समपातळीत, कोपर बाहेर, कंबर मागे, ब्रेकवर एकेकच बोट. नजर पुढच्या वळणावर ठेवा, चाकाखाली बघू नका. चाकाखाली सागाची वाळकी पानं आहेत, पानांखाली घसारा आहे आणि घसाऱ्याखाली काय आहे ते फक्त पडणाऱ्याला कळतं. वाटेत कुणाचं शेत लागलं तर सायकल उचलून कडेने न्या. एवढ्या तिरक्या जमिनीवर कुणी शेती कशी करतो, असं मनात येईल. सपाट जमीन खाली होती. खाली म्हणजे पाण्याखाली.

८. फिनिश लाइन. नवशिके इथेच गोंधळतात, कारण मणिबेलीची फिनिश लाइन हलती आहे. सरदार सरोवराची किमान पातळी ११०.६४ मीटर, पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, म्हणजे अठ्ठावीस मीटर उंचीच्या पट्ट्यात शर्यत कुठेही संपू शकते. धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं सप्टेंबर २०१९मध्ये. पावसाळ्यानंतर उतार आखूड मिळाला तर तक्रार करू नका, आयोजकांना विचारून काही होत नाही. १९९३ साली महाराष्ट्रातलं बुडितातलं पहिलं गाव म्हणून मणिबेलीची घरं पाण्यात गेली. पुढच्या वर्षी या गावाच्या नावाचा जाहीरनामा निघाला आणि मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवा, असं देशोदेशींच्या संघटनांनी जागतिक बँकेला सुनावलं. जगभर नाव झालं आणि पाणी चढतच राहिलं. रेषा कुठे आखायची हे खेळाडूने ठरवायचं नसतं, हा खेळाचा नियमच आहे. गावकऱ्यांना तो आधीपासून लागू होता.

ब्रेक मात्र रेषेच्या आधी लावा. काठावरचा गाळ २९ इंची चाकालाही सोडत नाही.

९. पडायचं असल्यास. शक्यतो सकाळी पडा. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतून, विशेषतः पावसाळ्यात, रुग्णांना नि बाळंतिणींना झोळीतून दवाखान्याकडे नेल्याच्या बातम्या येत राहतात. तुमच्यासाठीही तीच सेवा आहे. एक लांब बांबू, त्याला दोन्ही टोकांना घट्ट गाठ मारलेली चादर, मध्ये तुम्ही. दोघे पुढे-मागे खांदा देतात, बाकीचे शेजारून चालतात, आणि खांदा बदलताना झोळी खाली टेकवत नाहीत: नवा खांदा बांबूखाली शिरतो, जुना सरकून बाहेर पडतो, चाल तीच. तंत्राची आवड असेल तर पडल्या-पडल्या निरीक्षण करा. याला सॅग बसवावा लागत नाही, दुरुस्तीला पुण्याला पाठवावं लागत नाही. फक्त चढावरच वापरतात, हा मोठा दोष. त्यामुळे स्पर्धेत चालणार नाही.

१०. परत वर या. घड्याळ बंद करा. मागच्या शॉकला चढासाठी एक छोटी कळ असते, ती फिरवा, म्हणजे सायकल कडक होईल आणि ढकलायला बरी पडेल. शेजारून मोहाचं पोतं घेऊन बाजाराला निघालेला माणूस पुढे निघून जाईल. लाज वाटू देऊ नका. त्याच्या वेळेची नोंद होत नाही.

११. जीप भरल्याशिवाय निघत नाही. सायकलसाठी दोन सीटचे पैसे मागतील. घासाघीस न करता द्या, हेल्मेट मांडीवर घ्या, आणि कुणी "केवढ्याची?" विचारलं तर मित्राची आहे म्हणून सांगा.