पिसायला सुट्टी नाही

जास्वंद काढायला म्हणून कुंपणाशी गेले आणि पाऊण तास तिथेच उभी राहिले. शेजारच्या काकू अमेरिकेहून परतल्यात ना! लेकाने मायामीहून बहामाजला जाणाऱ्या क्रूझवर नेलं होतं. समुद्र कसा होता विचारलं, तर काकू इकडे-तिकडे बघत कुजबुजल्या, “समुद्र राहू द्या. आमचे हे कॅसिनोत बसले!”

गौरीच्या जागरणातला दहा-दहा रुपयांचा डाव सोडला तर काका जुगाराच्या वाटेला गेलेले नाहीत.

“बोट बंदरात असली की ते दार बंद. समुद्रात पुरती आत गेली की उघडतं. हे आपले आंघोळ करून आधीच दाराशी हजर! आणि बसले कुठे, तर ब्लॅकजॅकवर. आपलं एकवीस हो.”

“काका म्हणजे मेंढीकोटातले वाघ. कुणाकडे दश्शी उरलीय ते बसल्या जागी सांगतात.”

“तिथेच घोळ झाला ना! तिथेही मोजायला लागले. दुर्री-तिर्री-पंजी निघून गेल्या की मागे चित्रं नि एक्के जास्त उरतात, तेव्हा पैसे वाढवायचे. एडवर्ड थॉर्प नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने १९६२ सालीच यावर पुस्तक लिहिलंय, लेक सांगत होता. पण ह्यांच्या टेबलावर यंत्र! खेळून झालेली पानं ती वाटणारी पोरगी लगेच त्या डबड्यात सरकवायची, की ती आतल्या चार-पाच कॅटांत मिसळलीच. गेलेला पत्ता पुढच्याच डावात परत. आमच्या सासूबाईंच्या तक्रारींसारखं. मोजणार काय, कपाळ?”

“काटायला तरी देतात का?”

“कुठलं! हे म्हणाले, मी काटतो. ती नुसती हसली.”

आता मलाही राहवेना. माझा भाचा संख्याशास्त्र शिकवतो, त्याच्याकडून ऐकलेलं मी काकूंना ऐकवलं. पर्सी डायाकोनिस म्हणून स्टॅनफर्डचे प्राध्यापक आहेत. चौदाव्या वर्षी घर सोडून जादूगाराबरोबर हिंडले, मग गणितात शिरले. ५२ पानं हाताने नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं, हे त्यांनी आणि डेव्ह बायर यांनी १९९२ मध्ये मांडलं. पुढे एका यंत्रवाल्या कंपनीने आपलं नवं यंत्र तपासायला दिलं. आत दहा कप्पे, त्यांत पानं पडायची. डायाकोनिस यांनी गणित मांडून दाखवलं की पुढचं पान ओळखत गेलं तर ५२ पैकी साडेनऊ बरोबर येतात. खरोखर नीट पिसलेली असती, तर साडेचारच आली असती!

काकूंचा चेहरा खुलला. “म्हणजे यंत्र फसवतं?”

“नाही हो काकू. ते त्या एका यंत्राचं. आणि तिथे तर खेळणाऱ्याचाच फायदा होता. तुमच्या बोटीवरच्या यंत्राने डावामागचा तोटा वाढत नाही, उलट केसभर कमीच होतो म्हणे.”

“मग ह्यांचे दोनशे डॉलर गेले कुठे?”

आता खरी गोम. आपल्याकडे कॅट पिसताना कुणी चहा ठेवतं, कुणी सुनेचं गाऱ्हाणं काढतं. पिसणी म्हणजे विसावा. यंत्राने तोच काढून घेतला. पिसायला थांबणं नाही, म्हणजे तासाला डाव जास्त, आणि घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा थोडा असला तरी तेवढ्या जास्त वेळा कापला जातो. हे मी सांगितलं तशा काकू गप्पच झाल्या.

मग मी विचारलं, “टेबलावर काय छापलं होतं? तीनास दोन, की सहास पाच?”

“सहास पाच. मला वाटलं, आकडे मोठे म्हणजे जास्तच मिळत असणार.”

घ्या! एक्का आणि चित्र एकदम आलं तर तीनास दोनच्या टेबलावर दहा डॉलरला पंधरा मिळतात, सहास पाचच्या टेबलावर बारा. एवढ्यानेच घराचा वाटा शंभरामागे जवळजवळ १.४ ने वाढतो. काका चार दिवस डबड्याकडे डोळे वटारून बघत होते आणि खिसा कापणारी ओळ समोर, टेबलाच्या कापडावरच छापलेली होती.

“ह्यांना सांगू नका बाई,” काकू म्हणाल्या, “यंत्रामुळे हरलो म्हणून गावभर सांगतायत, तेवढाच आधार आहे. आणि हो, यंदा जागरणाला तुमचा कॅट आणा. आमच्यातली चौकटची दुर्री हरवलीय.”