बर्फाच्या गावाचा उमेदवार

बर्फावर घसरण्याची सोय असलेल्या, डोंगर-जंगल हाताशी असलेल्या एखाद्या मोकळ्या हवेच्या शहरात उरलेले आयुष्य काढायचे, असे पक्के ठरवलेला आणि ते शहर कोणते हे अजून ठरत नसलेला गृहस्थ गोंदिया जिल्ह्यात आढळतो. भाताच्या बांध्यांचा आणि तलावांचा हा मुलूख समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशीला भिडतो. अशा हवेत हा प्राणी तगतो तरी कसा, याचे नवल बाहेरच्यांना वाटते. गावातल्यांना वाटत नाही. ते त्याला ‘उमेदवार’ म्हणतात, तेही त्याच्या माघारी.

जिल्ह्यातले तालुके आठ असले तरी उमेदवाराची वस्ती सर्वत्र सारखी नाही. गोंदिया शहरात तो दाट, तिरोडा-आमगावकडे विरळ. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या बाजूला जवळजवळ नाहीच. तिकडे घरामागचे कुंपण संपले की जंगल सुरू होते, त्यामुळे निसर्गाच्या सान्निध्याची ओढ लागायला मधे अंतरच उरत नाही. त्याचे वय अठ्ठावन्न ते पासष्ट असते. बँक, जिल्हा परिषद आणि रेल्वे ही त्याची तीन उगमस्थाने. यातला रेल्वेवाला बरा होत नाही, कारण त्याच्याकडे पास असतो. आपल्या या वृत्तीला तो परंपरेचाही आधार देतो: जिल्हा स्वतःच 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन नव्या घरात राहायला गेला, मग माणसाने का जाऊ नये?

लागण बहुधा गुलमर्गला होते. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच काश्मीर सहलीत भाड्याचा ओव्हरकोट, भाड्याचे गमबूट आणि पायाला बांधलेल्या दोन लांब फळ्या अशा अवस्थेत तो बर्फावर उभा केला जातो. एक माणूस पुढून धरतो, एक मागून सोडतो. वीस-पंचवीस फुटांवर तिसरा झेलतो. सौभाग्यवतींनी काढलेल्या चित्रफितीत हा प्रवास दिसतो, आणि शेवटी “अहो, तो दांडा सोडा आता!” एवढा आवाजही ऐकू येतो. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे. तिथला दोन टप्प्यांचा पाळणा अफरवतच्या अंगाला 3,900 मीटरच्याही वर नेतो आणि खरे स्कीइंग तिथून खाली होते. उमेदवाराचे स्कीइंग पाळण्याच्या तिकीट खिडकीजवळ झालेले असते. गोंदियाला परतेपर्यंत मात्र ते वीस फूट पुष्कळच लांबतात आणि दुर्ग पॅसेंजरची वाट पाहणाऱ्या कोणालाही ऐकायला मिळतात.

यानंतर वही सुरू होते. वही म्हणजे एखाद्या राईस मिलने दिवाळीत वाटलेली जुनी डायरी. तिच्या पहिल्या पानांवर धानाच्या पोत्यांचा हिशेब असतो आणि पुढे शहरांचा. मुलीसाठी स्थळ पाहताना घराणे, पगार, पत्रिका यांचे जसे गुण मांडतात, तसे इथे शहरांचे मांडलेले असतात. एकूण गुण शंभर. रेल्वेला पंचवीस, दवाखान्याला वीस, तांदळाला वीस, पाण्याला पंधरा, शेजाराला दहा आणि बर्फाला दहा. बर्फासाठीच सगळी यातायात असताना त्याला दहाच गुण का, असे कोणी विचारले तर उत्तर तयार असते: बर्फ वर्षाचे तीन-चार महिने, भात रोज दोनदा. यावर वाद घालणे अवघड जाते. वहीतला खरा माणूस या गुणांच्या वाटणीत सापडतो, शहरांच्या यादीत नव्हे.

मनाली यादीत पहिली येते आणि पहिली जाते. सोलंगच्या उतारामुळे बर्फाचे दहापैकी दहा मिळतात, रेल्वेचे शून्य. छत्तीसगड एक्स्प्रेस गोंदियावरून थेट अमृतसरला नेते, ती मधेच उजवीकडे वळून हिमाचलात का शिरत नाही, हा त्याचा कायमचा सवाल आहे. सिमल्याला गुण बरे पडतात, पण त्याचे कारण नारकंड्याचे उतार नव्हेत. 1903 साली सुरू झालेली कालका-सिमला गाडी अडीच फुटी रुळांवर धावते, आणि गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरला जाणारी जुनी छोटी गाडीही नेमकी तेवढ्याच रुळांची होती. ती रुंद मार्गाखाली कायमची गेली, तेव्हापासून अडीच फूट म्हटले की त्याचा कंठ दाटतो. पाण्याच्या रकान्यात मात्र सिमला नापास होतो. 2018 च्या उन्हाळ्यात तिथे नळ कोरडे पडले आणि लोक टँकरमागे रांगेत उभे राहिले. गावोगावी मालगुजारी तलाव असलेल्या मुलखातल्या माणसाने पाण्यासाठी रांग लावायची, ही कल्पनाच त्याला अपमानास्पद वाटते.

औलीचे प्रकरण अधिक लांबले. उतार 2,500 ते 3,050 मीटरच्या पट्ट्यातला, समोर नंदादेवी, खाली जोशीमठ. घरभाड्याची चौकशीही झाली होती. मग 2023 च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचू लागली, घरांना भेगा गेल्या, औलीला जाणारा रोपवे बंद झाला. त्या दिवसांत जयस्तंभ चौकातल्या टपरीवर कोणीतरी त्याला म्हणाले, “भाऊ, तिथं जमीनच घसरून राहिली म्हंते. तुमाले वेगळं घसरायची काय गरज?” उमेदवाराने त्या दिवशी चहा अर्धा टाकला. वहीत औलीवर काट मारलेली नाही, समोर ‘स्थगित’ लिहिले आहे.

गुलमर्गचे गुण 2025 च्या जूनमध्ये एकदम वाढले. कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आणि काश्मीर खोरे रुळांनी देशाला जोडले गेले. रेल्वेच्या रकान्यात त्याने आनंदाने अठरा लिहिले. दुसऱ्या दिवशी विचारांती दोन कापले, कारण गाडी गोंदियातून सुटत नाही. विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूरची महाराष्ट्र एक्स्प्रेस या आपल्याच फलाटावरून निघणाऱ्या गाड्यांची त्याला सवय झालेली आहे. रिकाम्या डब्यात सावकाश चढून, खिडकीजवळ बसून, डबा सोडून जेवायला लागायचे आणि मग गाडीने हलायचे. मधल्या स्टेशनावर धावत चढण्याला तो मागासलेपण समजतो.

परदेशी शहरांना वहीत वेगळे पान आहे आणि ते पुतण्यांवर अवलंबून असते. पुतण्या सॉल्ट लेक सिटीत असेल तर ते जगातले सर्वोत्तम शहर ठरते: 2002 चे हिवाळी ऑलिम्पिक तिथे झाले, 2034 चे पुन्हा तिथेच व्हायचे आहे, आणि घरातून निघून तासाभरात माणूस बर्फाच्या उतारावर पोहोचतो. पुतण्याने व्हिडिओ कॉलवर उताराच्या एका दिवसाच्या तिकिटाचा आकडा सांगितला की गणित सुरू होते. शंभर डॉलर धरले तरी सुमारे साडेआठ हजार रुपये. 2024-25 च्या 2,300 रुपये हमीभावाने साडेतीन क्विंटलांहून जास्त धान. “एका दिवसाच्या घसरगुंडीला साडेतीन क्विंटल?” असे तो तीनदा म्हणतो आणि तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत पलीकडे पुतण्याचे नेटवर्क गेलेले असते. शिवाय तिथे चिन्नोर तांदूळ मिळत नाही. चिन्नोरच्या सुवासाविषयी उमेदवार जे बोलतो तेवढ्या तळमळीने तो बर्फाविषयी कधी बोललेला नाही, ही नोंद इथे करून ठेवणे भाग आहे.

मोकळ्या हवेतल्या आयुष्यासाठी लागणारे बाकीचे सगळे जिल्ह्यात आहे, हे त्याला ठाऊक नाही असे नाही. त्याला ते पाठ आहे. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, भोवतीच्या टेकड्यांना सातबहिणी म्हणतात, नवेगावचे राष्ट्रीय उद्यान 1975 चे, नागझिरा अभयारण्य 1970 चे, दोन्ही मिळून 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, हे तो पाहुण्यांना न अडखळता सांगतो. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्लींचे ‘नवेगावबांधचे दिवस’ ही दोन्ही पुस्तके त्याच्या कपाटात असतात. त्यांतले एक वाचनालयाचे आहे, मुदत केव्हाच उलटलेली. नागझिऱ्याला तो प्रत्यक्ष गेला तो शाळेच्या सहलीत, पुढे साहेबांच्या जीपमधून, आणि दोन्ही वेळा वाघ नुकताच गेला होता. हाजरा धबधब्याचे तर नशीबच खोटे. दरेकसा स्टेशनापासून तो पायी जाण्याच्या अंतरावर आहे, गाडी गोंदियाहून थेट आहे, पावसाळ्यात पाणी कड्यावरून मन भरेपर्यंत कोसळते. वहीच्या हिशेबाने त्याला रेल्वेचे पंचवीसपैकी पंचवीस पडायला हवेत. पण हाजऱ्याला वहीत पान नाही. जिथे पॅसेंजरने जाता येते ते ठिकाण ‘राहायला जाण्याच्या’ लायकीचे असू शकत नाही, असा त्याचा न सांगितलेला नियम आहे.

खरे बाहेरचे आयुष्य जगणारे लोक त्याच्या आसपासच असतात, पण त्यांची गणना तो या विषयात करत नाही. तलावात पहाटे जाळे टाकणारा धिवर, मार्च-एप्रिलमध्ये अंधारात मोहफुले वेचायला निघालेल्या बाया, मेच्या उन्हात तेंदूपत्ता तोडून दुपारपर्यंत पुडे बांधणारी कुटुंबे यांच्याकडे ना खास बूट असतात ना ओव्हरकोट. त्या वेळी उमेदवार कूलरसमोर बसून लेहचे तापमान पाहत असतो. जूनमध्ये सारस पक्ष्यांची गणना होते तेव्हा पक्षिमित्र पहाटे पाचला बांधावर हजर असतात. महाराष्ट्रात सारस मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे. उमेदवाराने एकदा नाव नोंदवले होते. आदल्या रात्री त्याला शिंका आल्या. पुरुषभर उंचीचा हा पक्षी धानाच्या शेतात जोडीने राहतो आणि वर्षानुवर्षे तीच जागा धरतो, यावर शिंका थांबल्यावर त्याने पाऊण तास माहिती दिली.

बर्फाशी त्याचा सर्वांत जवळचा संबंध येतो तो नोव्हेंबरात, स्वेटरच्या दुकानांपाशी. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिचे नाव नोर्ग्येलिंग. मठ आहे, लोसार साजरा होतो, आणि पावसाळ्यात धानही लावले जाते. थंडी आली की यातली अनेक कुटुंबे लुधियानाहून माल भरून शहराशहरांत स्वेटर विकायला बसतात. उमेदवार दुकानासमोर उभा राहतो, एक लोकरी टोपी हातात घेतो आणि दुकानदाराला आदराने विचारतो, “आपल्याकडे बर्फ किती फूट पडतो हो?”

दुकानदार पन्नाशीच्या आतला असतो.

“बर्फ मी पायला नाही जी,” तो म्हणतो. “आपला जन्म गोठणगावचा. औंदा रोवणं उशिरा झालं, तेवढं सांगू शकतो. स्वेटर बेचाळीस नंबर देऊ का चव्वेचाळीस?”

उमेदवार चव्वेचाळीस घेतो, भाव करतो, पन्नास रुपये कमी करवतो आणि घरी येऊन सांगतो की तिबेटी माणसाशी हिमालयावर सविस्तर चर्चा झाली.

ही खरेदी वाया मात्र जात नाही. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाचा पारा अनेकदा विदर्भात सर्वांत खाली जातो आणि वर्तमानपत्रे तसे ठळक छापतात. हा त्याच्या वर्षातला मानाचा काळ. कानटोपी, मफलर, चव्वेचाळीस नंबर स्वेटर अशा पोशाखात तो सुभाष बागेत पहाटेच्या फेऱ्या मारतो आणि नागपूरच्या मेहुण्याला फोन करून तिथले तापमान विचारतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी आली की तो खिन्न होतो. दव महाराष्ट्रात गोठू शकते, तर नवेगावबांधला का नाही, यावर विचार करत तो ते कात्रण वहीत चिकटवतो.

घरच्यांचे धोरण सोपे आहे. मुले ‘हो बाबा’ म्हणतात. सौभाग्यवती काहीच म्हणत नाहीत. दर वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत त्या वही रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवतात, तो ती उचलून आणतो, आणि यावर दोघांत एक शब्दही होत नाही. एकदाच, देहरादूनला घर पाहायला जायचे तिकीट काढायची वेळ आली तेव्हा, त्या म्हणाल्या, “जा तुम्ही. मी येते मागून, नातवाची शाळा झाली की.” नातू तेव्हा पहिलीत होता. तिकीट काढले गेले नाही.

उमेदवार कायमचा कुठे हलल्याची नोंद नाही. ज्यांना त्याची माहिती हवी असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गोंदियाला यावे. सकाळी सात ते नऊ तो सुभाष बागेत किंवा जयस्तंभ चौकातल्या टपरीवर असतो. नागझिऱ्याची फाटके पावसाळ्यात बंद असतात, हा बारमाही खुला आहे आणि याला आगाऊ आरक्षण लागत नाही. चहाचे पैसे मात्र पाहुण्याने द्यावेत.