पेशंट खाऱ्या पाण्यात आहे

आमच्या घरातल्या पेशंटला तोंड आहे, पण चेहरा नाही. अन्न आत घ्यायचं तेच दार आणि नको ते बाहेर टाकायचंही तेच. कपाळ नाही, त्यामुळे हात लावून ताप बघता येत नाही. मनगट नाही, म्हणून नाडी नाही. तो कण्हत नाही, कूस बदलत नाही, पाणी मागत नाही. पाणी तर त्याच्याभोवती भरपूर आहे. खारं आहे, इतकंच.

न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या तळघरात 75 गॅलनची टाकी आहे आणि तिच्यात टॉर्च कोरल नावाचा एक प्रवाळ आहे. शास्त्रातलं नाव युफिलिया ग्लॅब्रेसेन्स. मूळ इंडोनेशियाकडच्या समुद्रातला. चुनखडीचा फांद्याफांद्यांचा सांगाडा, प्रत्येक फांदीच्या टोकाला एक पॉलिप, म्हणजे एक डोकं, आणि पॉलिपभोवती लाटेसरशी हलणाऱ्या लांब, मऊ टेंटॅकल्सचा झुबका. टोकं निळ्या दिव्याखाली अशी चमकतात की किंमत विचारायचं भान राहत नाही. 2018 मध्ये इंडोनेशियाने प्रवाळांची निर्यात थांबवली होती आणि 2020 मध्ये पुन्हा सुरू केली. ही दुसरी बातमी आमच्या भागातल्या दुकानांपर्यंत पोचायला फार वेळ लागला. खरी किंमत मी घरात सांगितलेली नाही. ती सांगायची वेळ येऊ नये म्हणूनही पेशंट जगणं आवश्यक होतं.

पुण्याच्या मेव्हण्याने व्हिडिओ कॉलवर तो पाहिला आणि म्हणाला, "येताना मलाही एक घेऊन या." मला सांगावं लागलं की दगडी प्रवाळ भारतात 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. म्हणजे कायद्यापुढे हा आणि वाघ एकाच बाकावर. मेव्हणा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "बरं, मग ते बदामाचं पाकीट तेवढं विसरू नका."

त्याच सुमारास आई आमच्याकडे आली होती. आई मालवणची. तिकडे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहेत. 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. मुंबई-पुण्याची माणसं पैसे मोजून, नाकाला काच लावून, पाण्यात तोंड खुपसून ते बघतात. आईचा सगळा जन्म त्या किनाऱ्यावर गेला, पण समुद्राकडे तिने पाहिलं ते आज बाजारात काय येईल एवढ्याच नजरेने. टाकीपुढे खुर्ची घेऊन तिने बराच वेळ निरीक्षण केलं आणि विचारलं, "एवढ्या पाण्यात खाण्यासारखा एकसुद्धा मासा नाही?" मग टॉर्चकडे बोट दाखवून, "आणि हे झाड कसलं?"

या प्रश्नाला हसू नये. अठराव्या शतकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने प्रवाळ हा प्राणी आहे असं कळवलं, तेव्हा पॅरिसच्या विज्ञान अकादमीत रेओम्यूरसारख्या मोठ्या माणसाला ते इतकं अशक्य वाटलं की त्याने पेसोनेलच्या अब्रूच्या काळजीने त्याचं नावच सांगितलं नाही. शिवाय आई अर्धी बरोबरच होती. या प्राण्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि दिवसभर उजेडावर स्वयंपाक करून घरमालकाला जेवू घालतं. भाडेकरू म्हणून असं कुणी मिळालं तर आपणही अंगात जागा देऊ.

एका सकाळी टॉर्चच्या एका डोक्याने अंग आत ओढून घेतलं. दुपारी त्यावर तपकिरी, बुळबुळीत साका दिसू लागला. याला ब्राउन जेली म्हणतात. त्यात सूक्ष्म जीवांची झुंबड असते, ते प्रवाळाचं मांस खात सुटतात आणि खाली पांढरा सांगाडा उघडा पडतो. हे एका डोक्यावरून दुसऱ्यावर जायला फार वेळ लागत नाही. या छंदातली जुनी माणसं सांगतात की टाकीत झटपट होतात त्या फक्त वाईट गोष्टी.

मी आधी तपासण्या केल्या. क्षारता, कॅल्शियम 420, मॅग्नेशियम 1300च्या वर, खारटपणा, तापमान. छोट्या कुप्यांत थेंब मोजत, रंग बदलण्याची वाट बघत तासभर गेला. सगळे रिपोर्ट नॉर्मल. सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट मात्र शेवटच्या घटका मोजतोय, हा प्रसंग ज्याच्या घरात कधी आला नाही असं मराठी कुटुंब मला दाखवा.

आईचा रिपोर्टवर विश्वास नाही. तिने चष्मा लावून पाहिलं आणि निदान केलं: "चिघळलंय. आयोडीन लाव."

तिला समजावायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण हातात जी बाटली होती ती आयोडीनचीच होती. लुगॉल नावाच्या फ्रेंच वैद्याने 1829 मध्ये केलेलं ते द्रावण आजही आजारी प्रवाळाला अंघोळ घालायला वापरतात. टाकीतलंच पाणी एका भांड्यात घ्यायचं, थेंब टाकून ते तांबूस करायचं आणि पेशंटला काही मिनिटं त्यात ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी तिला तळघरात माझा एक डबा सापडला. तळाशी पांढरा गाळ, वर नितळ पाणी. "ही चुन्याची निवळी इथे कशाला?" प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम लागतं, म्हणून ही निवळी रात्री थेंबथेंब टाकीत सोडतात. रात्री शैवालाचा स्वयंपाक बंद असतो, पाण्याचा पीएच उतरतो, तो निवळीने सावरतो. मी हे चित्रं काढून समजावलं. आई म्हणाली, "माझी आजी दात येणाऱ्या पोरांना द्यायची. तिला चित्रं लागली नाहीत." ब्राउन जेलीवर निवळीचा काडीचा उपयोग नाही, हे सांगण्याची वेळ तेव्हा निघून गेली होती.

दोन अचूक निदानांनंतर आईचा हुरूप वाढला. तिसरा उपाय तिने जिना चढता चढता सांगितला: "ते सगळे दगड एकदा उकळून घे. जंतूंचा समूळ नाश."

इथे मात्र मी आडवा झालो. आमच्या दगडांवर पॅलिथोआ नावाची बटणाएवढी प्रवाळाची चुलत भावंडं आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन असतं, माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. असे दगड उकळून, त्या वाफेने अख्खी कुटुंबं, पाळीव कुत्र्यांसकट, अत्यवस्थ झाल्याच्या नोंदी आहेत. आई शांतपणे म्हणाली, "मग असलं घरात ठेवतात कशाला?" आयुष्यातल्या काही प्रश्नांना उत्तर नसतं. हा त्यातला आहे.

शेवटी शस्त्रक्रिया. आधी पंप बंद केले, नाहीतर जेली टाकीभर उडते. मग टर्कीवर रस सोडायची रबरी फुग्याची पिचकारी घेऊन साका ओढून काढला. आमच्याकडे टर्की कधीच शिजली नाही, पिचकाऱ्या मात्र दोन आहेत. वास असा की बायको खिडक्या उघडत वरच्या मजल्यावर गेली. मी हातमोजे आणि चष्मा चढवून, हाडं कापायच्या कटरने, निरोगी फांदीवर थोडं आत येऊन सांगाडा कापला. टॉर्चची हीच सोय. प्रत्येक डोकं आपापल्या फांदीवर, त्यामुळे बिघडलेलं तेवढं वेगळं करता येतं. उरलेल्यांना तांबूस अंघोळ, स्वच्छ पाण्यात खंगाळणं आणि मग टाकीत, जरा जास्त प्रवाहाच्या जागी.

कापलेलं डोकं वाचलं नाही. जेवताना आईने घास हातात धरून विचारलं, "मग सुतक?" प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नव्हता. सगळी डोकी एकाच जीवापासून फुटलेली. त्यामुळे जो गेला तोच टाकीत मजेत हलत होता. बायको म्हणाली, "निम्मं धरा." आईने थोडा विचार करून निकाल दिला, "नखं कापली म्हणून कुणी सुतक धरत नाही," आणि आमटी वाढली.

उरलेल्या डोक्यांनी हळूहळू टेंटॅकल्स बाहेर काढली. आता विश्रांती हवी, तर आमचा क्लाउनफिश तिथे राहायलाच आला. समुद्रात हा मासा ॲनिमोन नावाच्या, अशाच टेंटॅकल्सच्या प्राण्यात घर करतो. टाकीत ॲनिमोन नसेल तर टॉर्चवर भागवतो. हॉस्पिटलात भेटायला येऊन पेशंटच्या खाटेवरच बसणाऱ्या मामांसारखा तो दिवसभर त्या झुबक्यात अंग घासतो, आणि पेशंट बिचारा पुन्हा आक्रसतो. त्याला पकडायचं तर टाकीतला एकूण एक दगड बाहेर काढावा लागेल. आणि त्याच्या म्हणण्याला आमच्याकडे वजन आहे, कारण तो मुळात 'ती' आहे. क्लाउनफिशच्या जोडीत मोठी असते ती मादी. ती गेली तर नवराच यथावकाश मादी होतो, म्हणजे वाद पुन्हा पहिल्यापासून.

बायकोने तोडगा काढला: तिच्यासाठी खरं ॲनिमोन आणू. मी म्हटलं, ॲनिमोनला पाय असतो. जागा पटली नाही की ते टाकीभर सरकत फिरतं, वाटेत येईल त्या प्रवाळाला डसतं आणि कधी पंपात अडकून स्वतःचे तुकडे करून घेतं.

आईने सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे त्याचीही सेवा आपल्याच गळ्यात," ती म्हणाली, आणि बाटलीत आयोडीन किती उरलंय ते बघायला उठली.