एका तासाची अनामत

माद्रिद ते लिस्बन हे अंतर सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर भरते. आणि ज्या विमानाने ते काटण्याचा योग माझ्या कुंडलीत होता, त्याचे प्रस्थान सकाळी ९ वाजता व आगमन ९ वाजून २० मिनिटांनी असल्याचे तिकिटावर वाचून, उभी हयात जमाखर्चाच्या वह्यांत घालवलेल्या माझ्या बुद्धीने जे त्रैराशिक मांडले, त्याचे उत्तर ताशी १,५०० किलोमीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाहूनही अधिक, असे आल्यामुळे कमरेचा पट्टा मी दोनदा तपासून घेतला.

शेजारच्या आसनावरील वृद्ध गृहस्थांनी माझी मुद्रा पाहून खुलासा केला, की या प्रवासास चांगली ८० मिनिटे लागतात. परंतु पोर्तुगालचे घड्याळ स्पेनच्या एक तास मागे चालते. वास्तविक माद्रिद ग्रिनिचच्या पश्चिमेस वसलेले, तेव्हा त्याने लंडनचीच वेळ पाळावी हे सूर्यालाही मान्य. पण १९४० साली जनरल फ्रँकोच्या अंमलात हुकूम सुटला, घड्याळे बर्लिनच्या बरोबरीने एक तास पुढे सरकली, आणि तो हुकूम रद्द करण्याची सवड पुढे कोणत्याच सरकारला झाली नाही. पोर्तुगालनेही १९९२ साली तीच वेळ लावून पाहिली. परंतु हिवाळ्यात पोरे काळोखात शाळेला निघू लागली, तेव्हा चार वर्षांत कानाला खडा लावून तो देश पूर्वपदावर आला.

तात्पर्य, एक सबंध तास माझ्या खाती विनासायास जमा होणार होता. जेथून १४९७ साली निघालेल्या वास्को द गामाला कालिकत गाठेपर्यंत दहा महिने लागले, त्या बेलेमच्या नदीकाठी तो तास निवांत खर्च करावा, असा माझा संकल्प होता. प्रत्यक्षात मात्र, स्वतःची पेटी खेरीजकरून इतर यच्चयावत प्रवाशांच्या पेट्यांचे दर्शन घेत, सामानाच्या फिरत्या पट्ट्यासमोर तिष्ठण्यात तो पैन् पै खर्ची पडला.

परतीच्या दिवशी तिकिटावर प्रस्थान ९ आणि आगमन ११ वाजून २० मिनिटे! ज्या तासाचा मी पळभरही उपभोग घेतला नव्हता, त्याची वसुली भल्या सकाळी, कसलाही तगादा न लावता, परस्पर झाली होती.

घरी आल्यावर जाण्यास २० मिनिटे आणि येण्यास २ तास २० मिनिटे हा तपशील मी मोठ्या तक्रारीच्या सुरात सादर केला. तो शांतपणे ऐकून घेऊन, तांदूळ निवडता निवडता ही म्हणाली, "मग येताना चढ असेल."

मी हसलो खरा. परंतु लिस्बन नदीच्या मुखाशी आणि माद्रिद समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसलेले आहे, हे नकाशात पाहिल्यावर मी मुकाट्याने खतावणी मिटली.