कललेला अधिक आणि दोष क्रमांक ३२३

फाइलीच्या नावावरून आत काय आहे ते कळावं, ही अपेक्षा बाळबोध आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली जगापुढे आणलेल्या जीसीसी या मुक्तस्रोत कंपायलरने ती कधीच मोडीत काढली. त्याबद्दल त्याचं व्हावं तेवढं कौतुक झालेलं नाही.

साधा नियम बघा. नावाच्या शेवटी धाकटा सी असेल तर मजकूर सी भाषेतला, थोरला म्हणजे कॅपिटल सी असेल तर सी प्लस प्लसमधला. भाषा दोन, फरक फक्त उंचीचा. डॉस सगळी नावं कॅपिटलमध्येच साठवायचा आणि विंडोजला आजही सहसा थोरल्या-धाकट्यात भेद दिसत नाही. तिथे नियम कोलमडतो, पण तो दोष समता मानणाऱ्या यंत्रणांचा. डॉसला नावात अधिकाचं चिन्हही चालत नसे. मग कुणी अधिक जरा कलवून त्याचा एक्स केला, कुणी प्लसचा पी उचलला. सीएक्सएक्स, सीपीपी, सीसी, सीपी अशी भावंडं झाली आणि जीसीसी सगळ्यांना सारख्याच मायेनं ओळखतो. त्याच्या माहितीपुस्तिकेत एक खास सूचनाही आहे: सीएक्सएक्समधली शेवटची दोन्ही अक्षरं खरोखरची एक्सच हवीत. म्हणजे एक्सच्या जागी आपल्या मनाचं काही भरायचं, असं समजणारा भाविक कुठेतरी असणार. त्याला नमस्कार.

स्वतःच्या घरात तर जीसीसीने याहून मोठा आदर्श घालून दिला. २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून त्याची स्वतःची बांधणी सी प्लस प्लसमध्ये होऊ लागली. फाइलींची नावं मात्र डॉट सीच राहिली. अडलं काहीच नाही, कारण जी प्लस प्लस हा त्याचा भाऊ डॉट सी फाइल समोर आली तरी तिला सी प्लस प्लसच समजतो. क्लँग या प्रतिस्पर्ध्याला हे खपत नाही, तो असं दिसताच इशारा छापतो. नव्या पिढीत मोठेपणा कमीच. अखेर जानेवारी २०२२ मध्ये सगळ्यांचं नाव डॉट सीसी झालं. बारसं मुंजीच्या वयात झालं, पण झालं. हेडर फाइली तेवढ्या डॉट एचच ठेवल्या, पोटात सी प्लस प्लस घेऊन. सगळंच एकदम उरकलं तर पुढच्यांनी भांडायचं कशावर?

चाचण्यांच्या फाइली तर त्याहून थोर. त्यांच्या एका मोठ्या फोल्डरचं नावच टॉर्चर. तिथे कित्येक फाइलींचं नाव म्हणजे नुसती तारीख आणि तिच्यापुढे एक आकडा. इतर अनेकींचं नाव म्हणजे पीआर ही अक्षरं आणि दोषाचा नोंद क्रमांक. फाइल काय तपासते असं नावाला विचारू नये. क्रमांक घ्यावा, एक लाखाच्या पुढे गेलेल्या दोषनोंदवहीत शिरावं आणि तिथली चर्चा वाचत संध्याकाळ सत्कारणी लावावी.

चर्चेचा दर्जा पाहायचा असेल तर २००७ मधला दोष ३०४७५ वाचा. एका प्रोग्रामरने पूर्णांकात शंभर मिळवल्यावर तो आधीपेक्षा मोठाच आहे ना, याची तपासणी कोडात घातली होती. बेरीज मर्यादेबाहेर गेली तर कळावं, एवढाच हेतू. कंपायलरने ती तपासणीच काढून टाकली. सी भाषेच्या मानकानुसार चिन्हासहित पूर्णांकाने मर्यादा ओलांडली की पुढचं वर्तन अव्याख्यायित. तेव्हा असं घडतच नाही असं धरून चालायला कंपायलर मोकळा, आणि जे घडत नाही ते तपासायचं कशाला? तक्रारदार संतापला, सुरक्षेचा हवाला देऊ लागला. त्याला मानक दाखवण्यात आलं, एफ-रॅपव्ही हा पर्याय सुचवण्यात आला आणि दोष अमान्य ठरला. इतक्या शांतपणे ग्राहकाला नियम समजावणारं कार्यालय आपल्याकडेही विरळाच.

पण मुकुटमणी म्हणजे दोष ३२३, नोंद २००० सालची. इंटेलच्या जुन्या एक्स८७ गणनयंत्रणेत दशांश संख्या ८० बिटांच्या रजिस्टरमध्ये राहते आणि मेमरीत उतरली की ६४ बिटांची होते. त्यामुळे एकच उत्तर दोनदा काढून ताडलं तर ते स्वतःशीच जुळेना. शोध घ्यायला मधे एखादी छपाईची ओळ घातली की संख्या मेमरीत उतरायची आणि दोष नाहीसा व्हायचा. लोक त्याच तक्रारी डझनांनी नव्याने नोंदवत राहिले आणि प्रत्येक नोंद ३२३ ची प्रत म्हणून बंद होत राहिली. दोष कंपायलरचा, प्रोसेसरचा की दशांशांची बरोबरी तपासणाऱ्या माणसाचा, यावर वर्षानुवर्षं सखोल विचार झाला. घाई कुणीच केली नाही.

सी भाषेसाठी इलाज २०१० मध्ये ४.५ आवृत्तीत आला, सी प्लस प्लससाठी २०२३ मध्ये तेराव्या आवृत्तीत. तोवर ६४ बिटांच्या यंत्रांवर जीसीसी दशांशांचं गणित नव्या एसएसई रजिस्टरांतच करू लागला होता. त्यामुळे बहुतेक पीडितांचा त्रास आपोआप मिटलेला होता. जुनी यंत्रं सांभाळून बसलेल्यांनाही इलाज आपणहून लागू होत नाही. मानक काटेकोरपणे पाळण्याचा किंवा जादा अचूकता आवरण्याचा पर्याय आज्ञेत स्वतः लिहावा लागतो. आणि कुठला पर्याय लिहायचा ते दोष ३२३ ची चर्चा खालपर्यंत वाचली की समजतं.