आधी वावर, मग अर्ज

जालना जिल्ह्यात पोराला इंजिनिअर करण्याची एक ठरलेली रीत आहे. कुठल्याही शासन निर्णयात ती सापडायची नाही, पण मंठ्यापासून जाफराबादपर्यंत आठही तालुक्यांत ती निष्ठेनं पाळली जाते. आधी घरातलं सोनं सराफाकडे जातं. ते पुरलं नाही की गावातल्या एखाद्या ‘ओळखीच्या माणसाकडून’ शेकडा दोन रुपयांनी रक्कम उचलली जाते. तिचं व्याज फिटेनासं झालं की वावराचा तुकडा निघतो. पोरगं तिसऱ्या वर्षाला गेलं की मग कधीतरी बाप बँकेत जाऊन शिक्षणकर्जाची चौकशी करतो. आणि डिग्री हातात पडायच्या सुमारास पारावर कुणीतरी शहाणा भेटतो आणि म्हणतो, ‘‘अहो, याला शिष्यवृत्ती होती की! फॉर्म नाही भरला?’’ माझं या रीतीशी फारसं भांडण नाही. यादी पूर्ण आहे, एकही साधन सुटलेलं नाही. ती फक्त खालून वर वाचायची होती. आधी शिष्यवृत्ती, मग बँकेचं कर्ज, मग गाठीची बचत, आणि वावर तर यादीतच नको.

लोकांना अक्कल नाही म्हणून क्रम उलटा होतो, असं शहरातले पाहुणे म्हणतात. त्यात तथ्य नाही. खरा घोळ पंचांगाचा आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या येतात ऐन पावसाळ्यात. हे वेळापत्रक ज्यांनी आखलं त्यांचा पगार एक तारखेला होत असणार. इथे मृगात बियाण्याच्या पिशव्या, खताची पोती आणि फवारणीची औषधं यांत घरातला शेवटचा रुपया मातीत गेलेला असतो. कपाशी वेचणीला येते दसरा-दिवाळीला, सोयाबीनही त्याच सुमारास. मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ही अभिमानाची गोष्ट खरी, पण कॉलेजच्या कॅश काउंटरवर मानांकन घेत नाहीत. श्रावणात शेतकऱ्याचा खिसा वर्षातला सगळ्यात कोरडा असतो आणि नेमक्या त्याच आठवड्यात मोबाइलवर निरोप येतो की दोन दिवसांत फी भरून प्रवेश निश्चित करा, नाहीतर जागा पुढच्या फेरीत जाईल. दोन दिवसांत पैसे देणारी या जिल्ह्यात दोनच ठिकाणं, सराफ आणि सावकार. बँकेचे दोन दिवस तर ‘साहेब मीटिंगला गेलेत’ एवढं कळण्यातच जातात.

यावर आपल्या लोकांनी एक तोड काढली आहे. जूनमध्ये पीककर्ज मिळतं. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत राज्यात त्याला शून्य टक्के व्याज. एवढं स्वस्त कर्ज दारात आलं असताना त्यातून फी भरण्याचा मोह कुणाला होणार नाही? म्हणून बँकेच्या दप्तरी त्या वर्षी कपाशी असते आणि प्रत्यक्षात मेकॅनिकल. अडचण इतकीच की कपाशी सहा महिन्यांत घरी येते, मेकॅनिकलला चार वर्षं लागतात, आणि पीककर्ज वर्षाच्या आत परत मागतात. मग मार्चअखेर कुणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे आणून ‘नवं-जुनं’ करायचं, आणि त्या चार दिवसांचं व्याज वर्षभर पुरेल एवढं द्यायचं. शून्य टक्क्याचं कर्ज सगळ्यात महाग करून घेण्याची ही कला आपण एकट्यानं विकसित केली आहे.

आता थोडा हिशेब. चार लाख रुपये लागले असं धरा. बँकेनं ते दहा टक्क्यांनी दिले आणि सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असं मानलं, तरी चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढची एक वर्षाची सवलत मिळून साध्या व्याजानं दोन लाख होतात. या पाच वर्षांत हप्ता मागायला कुणी येत नाही. फेडायला नंतर पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळते. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर पात्र अभ्यासक्रमांसाठी हे मधल्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, आणि ही योजना २००९ पासून आहे. आता शेकडा दोन रुपये घ्या. ऐकायला किती गरीब आकडा वाटतो! पण तो महिन्याचा असतो. वर्षाचे चोवीस टक्के, पाच वर्षांचे चार लाख ऐंशी हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. बँकेचे दहा टक्के ऐकून ज्यांच्या काळजात धस्स होतं, तेच लोक सावकाराच्या दोनाला ‘माणूस चांगला आहे’ म्हणतात. राहता राहिलं वावर. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. जिरायत असेल तर वीस गुंठ्यांच्या आतला तुकडा पाडून विकता येत नाही, म्हणजे एका सत्राच्या फीपुरतं वावर विकायची सोयच नाही. शिवाय समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेल्यापासून एकदा विकलेलं रान परत त्या भावात मिळेल हे विसरायचं. बीटेकला सत्रं आठ असतात, वावराला बांध चारच.

क्रम सरळ ठेवणारा माणूस महाराष्ट्रानं पाहिलेला आहे. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, परतल्यावर बडोद्याची दहा वर्षं चाकरी करण्याचा करार. शिष्यवृत्ती संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून पैसे साठवले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. या वेळी साठवलेली रक्कम, शाहू महाराजांची मदत, आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज. मदत, बचत, कर्ज, सगळं त्यात आहे, पण आधी मदत आहे. यावर हमखास येणारा आक्षेप असा की बाबासाहेबांची गोष्ट वेगळी, ते असामान्य होते. होतेच. पण असामान्यपणा लागला तो त्यांच्या प्रबंधाला. आधी शिष्यवृत्तीचा अर्ज करायला सामान्य माणूसही चालतो. दुसरा आक्षेप भावनेचा आहे: साताऱ्याच्या बोर्डिंगातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, मग आम्ही सोनं मोडलं तर बिघडलं कुठे? बिघडलं इतकंच की त्या माउलीनं ते लोकांच्या पोरांसाठी मोडलं, आणि कर्मवीरांनी स्वतः त्यावर जे उत्तर काढलं ते ‘कमवा आणि शिका’ हे होतं, ‘मोडा आणि शिका’ नव्हे.

आता मदतीकडे वळू, कारण खरी करमणूक तिथे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, आठ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना निम्मी फी. अल्पभूधारकांच्या आणि मजुरांच्या मुलांना खोली-मेससाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना वसतिगृहात जागा नाही मिळाली तर स्वाधार योजनेत मुंबई-पुण्याला वर्षाला ६० हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. पुण्यातल्या खोलीचं भाडं आणि मेसचा डबा मिळून पुष्कळदा फीपेक्षा जास्त होतात, हे लक्षात घेतलं तर या शेवटच्या दोन योजना बिनमहत्त्वाच्या नाहीत. पण प्रत्येकीच्या दाराशी कागदांचा ढीग उभा आहे: तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, तोही दरवर्षी नवा, अधिवास, जात, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, गॅप असेल तर प्रतिज्ञापत्र, आणि आधारला जोडलेलं बँक खातं. सेतू केंद्रात दुपारी तीनला वीज जाते, चारला येते, तेव्हा सर्व्हर गेलेला असतो. महाडीबीटी या अर्जाच्या पोर्टलवर फाइल २५६ केबीच्या आत हवी, आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मोडीत, चार घड्यांचा, वर तेलाचा डाग. तो स्कॅन केला की वाचता येत नाही, आणि वाचता येईल असा केला की केबी वाढतात. कागदाची किंमत खरं म्हणजे या जिल्ह्याला कुणी सांगायला नको. २०२३ साली अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीनं एका दाखल्यासाठी सबंध महाराष्ट्र हलवला आणि निजामकाळातली दप्तरं धूळ झटकून बाहेर काढायला लावली. ज्या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वीची नोंद शोधून काढतात, तिथे यंदाचा उत्पन्नाचा दाखला शेवटच्या तारखेच्या रात्री आठवतो, हे मात्र मला आजवर उलगडलेलं नाही.

‘शिष्यवृत्ती वेळेवर येते कुठे?’ हा आक्षेप मी झटकणार नाही. येत नाहीच. पहिल्या वर्षाची दुसऱ्या वर्षी आली तर तिला लवकर आली म्हणतात. पण उशिरा येणारे पैसे आणि कधीच न येणारे पैसे यांत फरक आहे, आणि मधली पोकळी भरायलाच तर कर्ज असतं. आलेल्या शिष्यवृत्तीनं बँकेचं मुद्दल कमी करता येतं. विकलेल्या बांगड्या त्याच वजनात परत घ्यायला मात्र शिष्यवृत्तीत घडणावळ धरलेली नसते.

मग बँक. ‘बँक देतच नाही’ हे वाक्य आपल्याकडे इतकं पक्कं झालं आहे की पुष्कळ लोक बँकेत न जाताच ते सांगतात. जे जातात त्यांना पहिलं उत्तर मिळतं, ‘तुमचं गाव आमच्या सर्व्हिस एरियात येत नाही.’ या कारणावरून शिक्षणकर्ज नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेनं २०१२ सालीच बजावलेलं आहे. दुसरं उत्तर तारणाचं. साडेसात लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जासाठी २०१५ पासून केंद्राचा पतहमी निधी आहे, त्यासाठी तारण मागायचं नाही. त्यावर मागतात तेव्हा मौज होते. बापाकडे आठ एकर काळी जमीन असते आणि साहेब म्हणतात, ‘एनए प्लॉट आहे का?’ त्यात साहेबांचा आकस नाही. २००२ च्या ज्या कायद्यानं बँकेला तारण जप्त करता येतं, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणजे सरकारनं शेतकऱ्याचं रान बँकेपासून वाचवलं, आणि ते अलगद सावकाराच्या खरेदीखतात गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तर तारण नाही आणि जामीनही नाही, पण ती सुरुवातीला ८६० निवडक संस्थांपुरती. कॉलेज त्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधी पाहणारा बाप मला भेटला तर मी त्याचा सत्कार करीन, शालही माझी.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो पारावर उघड बोलला जातो: पीककर्ज आज ना उद्या माफ होतं, शिक्षणकर्ज कोण माफ करणार? माफ्या झाल्या हे खरं. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंत, २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंत. पण या दोन माफ्यांच्या आशेवर जो थकबाकीदार झाला, त्याचं सिबिल गेलं, आणि शिक्षणकर्जात बाप सहकर्जदार असतो. बापानं कपाशीचं थकवलं म्हणून पोराचं कॉम्प्युटर सायन्स अडतं. कमी सिबिलसाठी शिक्षणकर्ज नाकारू नका, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं आहे, पण केरळचा मान्सून जितक्या लवकर जालन्यात पोचतो तितक्या लवकर तिथला निकाल पोचत नाही. माफीची वाट पाहणं हीसुद्धा एक फी आहे. ती पोराच्या नावानं भरली जाते आणि तिची पावती मिळत नाही.

आणि नोकरी नाहीच लागली तर? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला योजनेचं नाव घेऊन उत्तर देता येत नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हा इथल्या पोरांना कर्नाटकात डोनेशन देऊन शिकायला जावं लागू नये हा हेतू होता. पुढे कॉलेजं इतकी झाली की पोरं कमी पडू लागली. त्यातल्या काहींची डिग्री घेऊन काय करायचं हे ती देणाऱ्यांनाही सांगता येत नाही. पण नोकरी न लागण्याचा धोका कर्जाला जेवढा आहे तेवढाच सोन्याला आणि वावराला आहे. कर्ज घेतलं आणि नोकरी नाही लागली तर बँकेच्या नोटिसा येतात. वावर विकलं आणि नोकरी नाही लागली तर परत येऊन करायला शेतीही उरत नाही. उलट बँकेचा एक उपयोग कुणी ध्यानात घेत नाही. प्लेसमेंट किती, मान्यता कुठली, फी एवढी का, हे प्रश्न घरात कुणी विचारत नाही, कारण पोराचा हिरमोड होतो. साहेब मात्र बिनधास्त विचारतात. ज्या कॉलेजच्या नावावर बँक पाच लाख द्यायला कचरते, त्याच्यासाठी आपण पाच एकर का द्यावं? जालन्यात २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आयसीटीचा कॅम्पसही आहे. गुण पुरत असतील तर घरचा डबा खाऊन शिकण्याइतकं स्वस्त कर्ज अजून कुठल्या बँकेनं काढलेलं नाही.

मुलींच्या बाबतीत ही यादी आणखी एकदा उलटी होते. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या, ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकार पूर्ण भरतं, मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. राहिला हॉस्टेलचा खर्च. त्याला सुकन्या समृद्धीचं खातं असतं. नियम असा की मुलगी अठरा वर्षांची झाली की उच्च शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते, आणि लग्न ठरलं तर खातं बंद करून सगळी. पहिलं वाक्य पासबुकावर राहतं, दुसरं बापाला तोंडपाठ असतं. ‘कर्जात बुडून शिकवायचं का?’ असं विचारणारे लोक लग्नासाठी कर्ज काढताना परतावा विचारत नाहीत, प्लेसमेंट विचारत नाहीत, आणि जामीनदार तर पंगतीत मानानं बसलेला असतो. काढा बापडे. फक्त एवढं आधी पाहून ठेवा की मंडपवाला, आचारी आणि बँडवाला यांच्यापैकी कुणीही अभ्यासक्रम संपेपर्यंत आणि वर एक वर्ष पैशासाठी थांबत नाही.