फियाटअण्णा

ज्या गाडीला चोक नाही ती फियाटअण्णांच्या हिशेबी गाडीच नव्हे. तिला ते 'चाकं लावलेला मोबाईल' म्हणतात. आष्टीत कुणी नवी गाडी घेतली आणि पेढे घेऊन आला, की अण्णा आधी पेढा तोंडात टाकतात, मग गाडीला एक प्रदक्षिणा घालतात आणि बॉनेट उघडायला लावतात. आत काळं प्लास्टिकचं झाकण.

"इंजिन कुठंय?"

"त्याच्याखाली हाये, अण्णा."

"झाकून ठिवलंय? का बरं? लाज वाटती का त्याची?"

तोवर पेढा पोटात गेलेला असतो, त्यामुळे मालकाला काही करता येत नाही.

अण्णांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, गावाला त्याची गरज पडत नाही. त्यांची गाडी 1982 ची प्रीमियर पद्मिनी. कंपनीने पद्मिनी हे नाव 1974 सालीच दिलं होतं, पण आष्टीने ते कधी मानलं नाही. गाडी फियाटच राहिली. रंग मूळचा क्रीम. आता काही भाग क्रीम, काही पुट्टी आणि डाव्या मडगार्डला नुसताच पत्रा. इंजिन 1089 सीसीचं, सुमारे 40 अश्वशक्तीचं. त्यातले किती अश्व आज हयात आहेत याची चौकशी अण्णांच्या ओसरीवर बसून करायची नसते.

गाडीचं कौतुक सुरू झालं की अण्णा थेट वालचंद हिराचंदांपर्यंत जातात. वालचंद 1882 चे, जन्म सोलापूरचा, 1944 साली त्यांनी प्रीमियर कंपनी काढली, कारखाना कुर्ल्याला. "म्हंजे आपल्याच भागातली गाडी की! सोलापूर काय लांब हाये का आष्टीपासून?" मूळ गाडी इटलीतल्या तुरीन शहराची, फियाटची 1100, असं कुणी मध्येच म्हणालं, तर अण्णांना त्या क्षणी कमी ऐकू येतं.

सकाळी गाडी सुरू करणं हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो. आधी ऑईलची काडी काढून पुसून बघायची. मग रेडिएटर. दुष्काळात टँकरची वाट बघणारा हा तालुका, पण अण्णांच्या घरी पाहुण्याआधी गाडीला पाणी मिळतं. मग चोक ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, चावी फिरवायची. गाडी खोकते. अण्णा चोक अर्धा आत ढकलतात. किती अर्धा, हे पावसाळ्यात वेगळं असतं आणि थंडीत वेगळं. "ही माणसासारखी हाये, हिला विचारावं लागतं," असं म्हणून ते मान तिरपी करून ऐकत बसतात. एक सिलिंडर मिसिंग मारतोय की पॉइंट घासलेत, हे त्यांना आवाजावरून कळतं. शंका आलीच तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला. काकू आतून ओरडतात, "अहो, माझी दाढ दुखतीय म्हणून दोन दिस सांगतीय, ते न्हाई का ऐकू येत?"

गाडीचे मिस्त्री कड्याचे. वय झालं, गुडघे गेले, गॅरेज बंद केलं. आता निदान फोनवर होतं. अण्णा बॉनेट उघडून मोबाईल इंजिनाजवळ धरतात, पलीकडे बाजेवर पडलेले मिस्त्री ऐकतात आणि सांगतात, "टायमिंग पुढं गेलंय. डिस्ट्रिब्युटर एक केस मागं घ्या." मोबाईलचा मानवजातीला झालेला एकमेव फायदा म्हणून अण्णा हे सांगतात. नव्या गॅरेजात पोरगं स्टिअरिंगखाली वायर खुपसून स्कॅनरवर आकडे बघतं, त्यावर त्यांचा फार राग. "काय झालंय ते गाडीलाच इचारत्यात! पेशंटनंच रोग सांगायचा, मग डॉक्टर कशाला?" आता खरं सांगायचं तर आजवरचे सगळे डॉक्टर पेशंटलाच विचारत आले, पण अण्णांशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही.

डिकीत स्टेपनी असतेच, पण तिच्याशेजारी एक पिशवी असते. तिच्यात पाने, पक्कड, बाइंडिंगची तार, पॉइंट घासायला पॉलिश पेपर, कपडे धुण्याच्या साबणाची वडी आणि हळदीची पुडी. साबण टाकीची गळती बुजवायला, हळद रेडिएटरच्या बारीक भोकाला. काकूंची हळद संपली की त्या सरळ डिकी उघडतात.

खरी मजा उन्हाळ्यात. मे महिन्यात नगरला निघालेली फियाट कड्याच्या आसपास मान टाकते. अण्णांच्या भाषेत तिला ऊन लागतं. पेट्रोलचा पंप तापतो, पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि कार्ब्युरेटरपर्यंत थेंब पोचत नाही. उपाय साधा: पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. मुंबईचे टॅक्सीवालेही हेच करत. पण अण्णा नुसतं थांबत नाहीत. ते बॉनेट उघडून बाजूला उभे राहतात, आणि पाच मिनिटांत तिथे माणसं जमतात. मोटारसायकलवाला थांबतो, ट्रॅक्टरवाला थांबतो, शेळ्या चारणारी म्हातारी थांबते. एकाच्या आज्याकडे अशीच गाडी होती. दुसऱ्याचं लग्न फियाटमधून झालं. पुढच्या सलग सीटवर ड्रायव्हर, मामा आणि आणखी एक मामा, मागे नवरा-नवरी आणि करवल्या किती ते मोजलंच नाही. म्हातारी म्हणते, "लेकरा, टोपी घाल, तुलाच ऊन लागंल." फडकं केव्हाच वाळलेलं असतं, गाडी सुरू होण्यासारखी झालेली असते, पण अण्णा चावीला हात लावत नाहीत. त्यांना नगरला पोचायचं असतं असा माझा बरीच वर्षं समज होता. माणूस तसा एकलकोंडा, मुलं पुण्याला. गाडी बंद पडली की अण्णा सुरू होतात.

काकूंना मात्र पोचायचं असतं. 23 सप्टेंबर 2022 ला नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि त्यांनी फियाटशी काडीमोड घेतला. 66 किलोमीटरचा हा मार्ग, रेल्वेची धावही काही वाऱ्यासारखी नव्हे. तरी एकदा दोघं एकाच लग्नाला निघाले, अण्णा फियाटने आणि काकू न्यू आष्टी स्टेशनवरून. अक्षता पडून पंगत बसली तेव्हा अण्णा हात काळे करून आले. काकूंनी ओळख दाखवली नाही.

नगरला गेल्यावर अण्णांचं तीर्थस्थान म्हणजे रणगाडा संग्रहालय. 1994 पासून तिथे पहिल्या महायुद्धापासूनची चिलखती यंत्रं मांडली आहेत. "बघ," ते पुतण्याला सांगतात, "एकालाबी सेन्सर न्हाई. आन युद्धं जिंकली यांनी." पुतण्या इंजिनिअर आहे. तो त्यांना समजावू पाहतो, की अण्णा, तुमच्या गाडीला पट्टा नाही, एअरबॅग नाही, स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीवर रोखलेला आहे. अण्णा पत्र्यावर बुक्की मारून दाखवतात. "अन् तुमचा पत्रा? बोट लावलं की चेपतो."

"अण्णा, नवी गाडी चेपते म्हणून तर आतला माणूस वाचतो."

"मग गाडी कशी वाचायची?"

पुतण्याकडे याचं उत्तर नाही.

30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईतून पद्मिनी टॅक्सी संपली. शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. बातमी वाचून अण्णांनी गाडी धुतली, तिला झेंडूचा हार घातला आणि गप्प बसून राहिले. काकूंना वाटलं गाडी विकली. त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

सरकारही अण्णांच्या मागे लागलंय. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते. 2022 च्या एप्रिलपासून तिची फी सहाशेवरून पाच हजार झाली, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारीला दहा हजार. पन्नास वर्षं पुरी झाली की 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण तो मान फियाटला 2032 साली मिळणार, आणि व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. "म्हंजे जित्तेपणीच फोटो करून भिंतीला टांगायचा," अण्णा म्हणतात. "माझी गाडी बाजारातनं मेथी आणती."

या सगळ्यापुढे अण्णा टिकले. त्यांना हलवलं ते इथेनॉलने. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घालायचं उद्दिष्ट आधी 2030 चं होतं, ते 2025 मध्येच गाठलं गेलं. इथेनॉल जुन्या गाडीतलं रबर खातं: नळ्या फुगतात, पंपाचा डायफ्राम मऊ पडतो, शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नव्या गाड्यांना इथेनॉल सोसणारे भाग बसवलेले असतात. फियाट जन्मली तेव्हा पंपावर शिशाचं पेट्रोल मिळायचं. एका वर्षात नळ्या दोनदा बदलल्यावर अण्णांनी चौकशी केली, हे इथेनॉल येतं कुठून? मका आणि तांदूळ हे उत्तर त्यांनी ऐकून सोडून दिलं. ऊस म्हटल्यावर ते उठून बसले. दिवाळी झाली की निम्मा तालुका कोयता घेऊन कारखान्यांकडे जातो, गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात.

"आपल्याच माणसांनी ऊस तोडायचा," अण्णा सावकाश म्हणाले, "आन त्यानं माझीच नळी खायची." मग थोडं थांबून, "तोडणीचा भाव तरी वाढवला का त्यांनी?"

मला वाटतं, अण्णांच्या सगळ्या तक्रारींत ही एक खणखणीत आहे. बाकीच्यांचं ज्याने त्याने ठरवावं.

परवा रात्री काकूंच्या छातीत कळ आली. अण्णांनी फियाटच्या चावीला हात लावला नाही. पुतण्याला उठवलं. त्याच्या पांढऱ्या, निःशब्द, नाना सेन्सरवाल्या गाडीत मागे काकूंचं डोकं मांडीवर घेऊन बसले. खड्डा आल्याचं कळलं नाही, नगर कधी आलं तेही नाही. पित्ताचं दुखणं निघालं, पहाटे घरी सोडलं. परतताना पुतण्याने हिंमत करून विचारलं, "अण्णा, कशी वाटली गाडी?"

"दवाखान्याला जायला चांगली हाये," अण्णा म्हणाले.

तर वाचकहो, फियाट विकाऊ नाही. त्यासाठी आष्टीला येऊ नये. मात्र कुणाच्या माळ्यावर पद्मिनीच्या पेट्रोलपंपाचा चालू स्थितीतला डायफ्राम पडून असेल, तर जरूर कळवा. अण्णा सांगाल ती किंमत देतील. फक्त काकूंना आकडा सांगू नका.